सेलिनच्या सासूच्या हिरड्या

मंगळूर,
१८ जुलै १९९९

ती. उर्सुलामावशीस,
ज्युलीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, तेव्हा आधीच कान पकडते. परवा सेलिनच्या घरी फोन केला होता. तिने कुंपणावरून तुला मारलेली हाक मला इथे ऐकू आली. मग परत येऊन ती म्हणाली की तू आंघोळीला गेली आहेस. गेल्या वेळी तू बाजारात होतीस, त्याआधी झोपली होतीस. भर दुपारी झोपलेली उर्सुला टीचर मी तरी कधी पाहिलेली नाही. माझं काही चुकलं का?

इथली मोठी बातमी म्हणजे मॅडमनी मला प्रबंधाचा विषय दिला. हसू नकोस. चहा आणि कॉफी यांचा हिरड्यांच्या सुजेवर होणारा परिणाम. शरीरात जिथे सूज असते तिथे काही उपद्रवी कण सुटतात आणि लोखंडाला गंज चढावा तसे ते भोवतालच्या मांसाला खात जातात. चहातलं जे तुरट द्रव्य जिभेला आवळून धरतं, ते या कणांना थोपवतं आणि सूज उतरवतं, असं परदेशात काहींना दिसलंय. कॉफीतही तसंच काहीतरी आहे. पण हे बरचसं काचेच्या बशीत दिसलंय. माणसाच्या तोंडात किती खरं ठरतं ते मला पाहायचं आहे. अर्थात दूध नाही आणि साखर तर मुळीच नाही. म्हणजे ज्यात चमचा उभा राहील असा तुझा चहा या अभ्यासातून बाद.

क्लेमेंट मास्तर कसे आहेत? त्यांच्या ओटीवरचा तुमचा संध्याकाळचा चहा चालू असेलच. त्यांच्या कोऱ्या कॉफीला तू काळं पाणी म्हणतेस ना, तिच्यावर आता विद्यापीठाची मोहर उमटणार आहे, असं त्यांना सांग.

माझ्या खोलीतली मुलगी लग्न ठरून गावी गेली. तिची खाट रिकामी आहे, मी तिच्यावर पुस्तकं पसरून ठेवलीत, म्हणजे कोणी राहत असल्यासारखं वाटतं. मेसमध्ये सगळ्या कन्नड नाहीतर मल्याळी बोलतात. दिवसभरात मराठी शब्द तोंडातून निघतो तो फक्त स्वतःशी.

लवकर लिही. तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
ज्युली


मु. पो. गास, ता. वसई, जि. ठाणे
५ ऑगस्ट १९९९

चि. ज्युलीस,
येशूच्या नावाने अ. उ. आ.

पत्र पोचले. मी रागावलेली नाही. सेलिनच्या फोनवर इतकी खरखर असते की निम्मे ऐकू येत नाही आणि निम्मे शेजारच्या चार घरांना ऐकू जाते. आयुष्यभर वर्गात ओरडले, आता यंत्रात ओरडायचे नाही असे ठरवले आहे. पत्र बरे. पत्रात माणसाला वाक्य सुधारता येते. तुझ्या पत्रात 'बरचसं' आहे, ते 'बरंचसं' असे हवे.

तुझी आई गेल्यावर तुझे दुधाचे दात मी दोरा बांधून पाडले, तेव्हा तू घर डोक्यावर घेत होतीस. आता तू लोकांचे दात पाडायला शिकायला गेलीस आणि ते तुला चहा उकळायला शिकवत आहेत. मास्तर ऐकून फार हसले असते. अजून सांगितले नाही. चिखलामुळे त्यांच्याकडे फारसे जाणे होत नाही. त्यांना चालताना धाप लागते, खुर्चीतच असतात. त्यांची नात एमिली येऊन खुशाली सांगून जाते. रविवारचे चर्चमधले बायबलवाचन आता तिच्याकडे दिले आहे. तिचा 'ळ' अजून कच्चा आहे, पण नव्या मुलांनी पुढे यायला हवे. मी किती वर्षे त्या माइकसमोर उभी राहू?

एक विचारायचे आहे. सेलिनच्या सासूच्या हिरड्यांतून रक्त येते. दात घासताना येते आणि पाव चावतानाही. तोंडाला वास येतो असे तिचे स्वतःचेच म्हणणे आहे. डॉक्टरकडे जायला ती लाजते. तुझा तो चहा तिला चालेल का? प्यायचा की चूळ भरायची, कसा करायचा, सविस्तर लिही. सेलिनशी मात्र यावर बोलू नकोस. सासूसुनांचे तुला माहीत आहे.

तुझ्या पप्पांचे मस्कतहून पत्र होते. तो बरा आहे. नाताळला येणे जमणार नाही म्हणतो. तू तरी येशील.

वाडीतली केळी वाऱ्याने आडवी झाली, बाकी ठीक. आशीर्वाद तर आहेतच, पत्र मात्र मागावे लागते.
तुझी मावशी,
उर्सुला


मंगळूर,
३० ऑगस्ट १९९९

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

सेलिनच्या सासूबाईंसाठी सांगते ते नीट वाच. चहाची पावडर नुसत्या पाण्यात उकळायची, गाळून पूर्ण गार करायची. त्या पाण्याने सकाळी आणि झोपण्याआधी, दात घासून झाल्यावर, खळखळून चूळ भरायची. गरम नको. साखर घातली तर फायद्याऐवजी नुकसानच. दातांवर थोडा तपकिरी डाग चढेल, त्याची काळजी नको. मी माझ्या पेशंटना हिरव्या चहाचा अर्क देते. आपल्या साध्या चहातही ते तुरट द्रव्य असतं, जरा वेगळ्या रूपात.

पण मावशी, हे दुय्यम आहे. हिरडीच्या कडेला दातांवर किटण साचून दगडासारखं झालेलं असतं. ते घासून किंवा चूळ भरून जात नाही, डॉक्टरनेच खरवडून काढायला लागतं. ते तसंच ठेवून चहाने चूळ भरणं म्हणजे पायातला काटा पायातच ठेवून वर हळद लावण्यासारखं. आग शमते, काटा आत जात राहतो. त्यांना विचार, दात हलतात का? पुढचे दात पूर्वीपेक्षा लांब दिसतात का? फटी पडल्यात का? यातलं काहीही असेल तर महिनाभरसुद्धा थांबायचं नाही. तुझा विद्यार्थी कौस्तुभ आता नालासोपाऱ्याला दवाखाना चालवतो ना? त्याच्याकडे ने.

माझा अभ्यास सुरू झाला. अर्ध्या पेशंटना अर्क, अर्ध्यांना तसंच दिसणारं रंगीत पाणी. कोणाकडे काय गेलं ते मलाही माहीत नसतं. सगळ्यांचं तोंड तपासायचं, दिवसाला किती चहा-कॉफी पितात ते विचारायचं. मंगळूरची माणसं कॉफीबद्दल विचारलं की घरचा इतिहास सांगतात, त्यामुळे वेळ फार जातो.

रविवारी कोंकणी मिस्सेला जाते. वाचन सुरू झालं की मी डोळे मिटते आणि शब्दांऐवजी तुझा आवाज ऐकते. तू वाचन सोडलंस हे मला पटलेलं नाही. एमिलीला शिकव, पण सणाच्या दिवशी तरी तू वाच.

माझी आठवण येत असेल तेवढी मोठी पत्रं लिही,
ज्युली


गास,
११ नोव्हेंबर १९९९

चि. ज्युलीस,
अ. उ. आ.

यावेळी उशीर माझा. मृतांच्या दिवशी दफनभूमीत जाऊन तुझ्या आईच्या कबरीवर झेंडू आणि मेणबत्त्या लावून आले. सकाळी लवकर गेले, गर्दी व्हायच्या आत. तुझ्या नावाची मेणबत्ती वेगळी लावली.

चहाच्या चुळेचा गुण आला. रक्त पुष्कळ कमी झाले, हिरड्यांचा लालपणाही उतरला. सेलिनची सासू तुला दुवा देते. दात थोडे हलतात, पण ते वयोमानाने असावे. कौस्तुभकडे चल म्हणून मी तिला परोपरीने सांगितले. ती तयार नाही. तिचेही बरोबर आहे. ज्या मुलाला वर्गात उभे करून 'स' आणि 'श' वेगळे करायला शिकवले, त्याच्यासमोर जबडा उघडून बसायचे आणि त्याने नाकावर फडके बांधून आत बघायचे, हे कसे जमावे? चहाने बरे वाटते आहे, तेव्हा तोच चालू ठेवावा असे ठरले आहे.

क्लेमेंट मास्तर आता अंथरुणालाच खिळले आहेत. डॉक्टर म्हणतात हृदय थकले. एमिलीला पाठवून मला बोलावतात. मी जाते, खिडकीपाशी बसते, तिथे वारा चांगला लागतो. ते एका कानाने कमी ऐकतात, त्यामुळे लांबून बोलणे होत नाही. थोडा वेळ बसून परत येते. तुझ्या कॉफीचे त्यांना एमिलीने सांगितले. हसले म्हणे.

सेलिनच्या पुतणीच्या लग्नाला गेले होते. जेवायला थांबले नाही. हल्ली रात्री पेजच करते, एकटीसाठी भाजी-भाकरीचा खटाटोप कोण करणार? नाताळला येशील तेव्हा तुझ्यासाठी सगळे करीन.

आहे तशी राहा, जपून राहा.
मावशी


मंगळूर,
८ डिसेंबर १९९९

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला मला जड जातंय. आधी वाईट बातमी. नाताळला येता येत नाही. पेशंटच्या तपासण्या नेमक्या त्याच आठवड्यात आल्यात, एक चुकली तर सगळी मेहनत वाया.

दुसरं म्हणजे मी तुझा शब्द मोडला. सेलिनला फोन करून तिच्या सासूबाईंच्या हिरड्यांची चौकशी केली. ती हसायलाच लागली. "अगं, सासूबाईंच्या तोंडात एकही दात नाही, माझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नव्हता." मग तिचं हसू थांबलं.  शेवटी ती म्हणाली की तू आता रविवारी सगळ्यात मागच्या बाकावर बसतेस आणि मिस्सा संपायच्या आधी उठून जातेस.

कौस्तुभला 'स' आणि 'श' कोणी शिकवले ते मला माहीत आहे, मावशी.

मे महिन्यात मी घरी होते तेव्हा तू हसताना पदर तोंडावर घेत होतीस. मला वाटलं वयाने आलेली सवय असेल. मी हिरड्यांचा अभ्यास करणारी मुलगी, समोर बसून रोज जेवले, आणि तुझ्या तोंडात पाहिलं नाही.

आता पेशंटच्या तोंडात जे दिसतंय ते तुला लिहिते. आतापर्यंत रक्त येणं कमी झालेलं आहे, सूज उतरलेली आहे, पेशंट खूश आहेत. पण ज्यांचं हाड आधीच झिजलं होतं त्यांचे दात तसेच हलतायत. हिरडी वरून गुलाबी दिसते आणि खाली पोकळी राहते. रक्त थांबलं म्हणून रोग थांबला असं नाही. मी तुला हे आधीच पुन्हा पुन्हा लिहायला हवं होतं. सासूबाईंना बरं वाटतंय हे वाचून मलाही बरं वाटलं आणि मी पुढे विचारलं नाही.

कौस्तुभकडे नको तर दुसरीकडे जा. पण जा. नाताळ झाल्या झाल्या जा.

रागावलीस तरी चालेल, उत्तर मात्र दे.
तुझीच,
ज्युली


गास,
१० जानेवारी २०००

चि. ज्युलीस,
अ. आ.

तुझे पत्र नाताळच्या आदल्या दिवशी मिळाले. वाचून राग आला. सेलिनशी बोलणे टाकले. तुला खरमरीत उत्तर लिहायला बसले होते, तेवढ्यात एमिली बोलवायला आली आणि मग सगळेच राहून गेले. क्लेमेंट मास्तर गेले. नाताळनंतरच्या मंगळवारी.

आता सरळच सांगते. हे गेल्या वर्षीच्या आधीपासूनचे आहे. रक्त येत होते, त्याचे मला काही वाटले नाही. मग पुढचा दात हलू लागला. वास मला स्वतःला कळत नव्हता. एका रविवारी मिस्सेत शेजारची बाई नाकाला रुमाल लावून जरा सरकली. मला वाटले तिला सर्दी आहे. पुढच्या रविवारी दुसरी बाई सरकली. घरी येऊन ओंजळीत श्वास सोडून पाहिला आणि मग समजले. त्यानंतर माइकसमोर उभे राहवेना. बोलताना दातांतून शीळ वाजू लागली, म्हणून फोन सोडला. मास्तरांना कमी ऐकू येई, म्हणून ओटीवर आमच्या खुर्च्या जवळजवळ असत. मी माझी खुर्ची मागे घेतली. मग जाणेच कमी केले. त्यांनी कधी कारण विचारले नाही. कप मात्र दोन मांडायला लावत, असे एमिली सांगत असे.

त्या दिवशी दुपारी मी पोचले तेव्हा घर भरलेले होते. फादर येऊन गेले होते, आता खाटेपाशी बायबल वाचायचे राहिले होते. मास्तर शुद्धीवर होते. त्यांनी मला पाहिले आणि म्हणाले, "उर्सुलाला वाचू दे." लोक बाजूला झाले, खाटेला लागून एक खुर्ची रिकामी करून दिली. इतक्या सगळ्यांदेखत त्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन मी कशी वाचणार होते, ज्युली? मी खिडकीपाशीच उभी राहिले. घसा बसला आहे असे सांगितले. एमिलीने वाचले. चांगले वाचले, 'ळ'सुद्धा नीट आला. मास्तरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. ते रागावले नव्हते. त्यांना वाटत होते मी अजून सुरुवात करीन.

लोक पांगले की जवळ जाऊन हळूच वाचू, असे मी मनाशी म्हणत राहिले. लोक पांगले नाहीत. दिवेलागणीला ते गेले.

आता गावात सगळे म्हणतात, बिचारीचा दुःखाने घसा बसला होता. मी ऐकून घेते.

तुझ्या चहाला मी बोल लावत नाही. त्याने त्याचे काम केले. काटा काढ असे तू लिहिले होतेस, मी हळद लावत बसले.

यावर मला समजावणारे पत्र पाठवू नकोस.
मावशी


मंगळूर,
२३ जानेवारी २०००

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

समजावणारं पत्र नको म्हणालीस, म्हणून लिहीत नाही. मास्तरांसाठी इथल्या चर्चमध्ये मिस्सा सांगितली. फादरना त्यांचं नाव उच्चारता यावं म्हणून मी ते कन्नडमध्ये लिहून दिलं. समोरच्या बाकांवर कोणीच त्यांना ओळखत नव्हतं, तरी सगळे त्यांच्यासाठी उभे राहिले. मी रिकाम्या खाटेवरची पुस्तकं उचलली आणि रात्री तिथेच झोपले. का ते विचारू नकोस.

एवढंच लिहायचं आहे. तुळिंजला ज्ञानदा नावाची एक मुलगी दवाखाना चालवते. कॉलेजात माझ्या पुढे होती, मूळची कोल्हापूरची, लग्न होऊन तिकडे आली. नालासोपारा स्टेशनच्या पूर्वेला, बाजाराच्या रस्त्यावर, औषधाच्या दुकानावर पहिला मजला. तिला गास कुठे आहे हेही बहुधा माहीत नसेल. मी तिला काही कळवलेलं नाही. नाव खोटं सांगितलंस तरी चालेल. फक्त तोंड उघड.

मी इथे आहे, एवढं लक्षात असू दे.
ज्युली


गास,
२९ एप्रिल २०००

चि. ज्युलीस,
अ. उ. आ. ईस्टरचा आनंद तुला लाभो.

गेले. उपवासकाळात गेले. नाव खरेच सांगितले.

स्टेशनचा पूल ओलांडून पूर्वेला उतरले आणि मला कोणी ओळखेनासे झाले. घरापासून इतक्या जवळ इतकी अनोळखी जागा असेल असे वाटले नव्हते. भाजीवाले, रिक्षा, गुजराती आणि हिंदी पाट्या, नव्या इमारती. कोणी टीचर म्हणून हाक मारली नाही, कोणी मास्तरांचा विषय काढला नाही. मी बराच वेळ नुसतीच फिरले. मग जिना चढले.

तुझी ज्ञानदा बारीकशी आहे, हात मात्र खंबीर. तिने नाकावर फडके बांधलेले होते, ते सगळ्यांसाठीच असते हे मला तिथे बसल्यावर कळले. आत पाहून तिने विचारले, "आजी, दुखतं का?" एवढेच. इतक्या महिन्यांत मला हे कोणी विचारले नव्हते, कारण मी कोणाला विचारू दिले नव्हते. मला रडू आले. तिला वाटले आरसा टोचला, ती माफी मागू लागली.

वरचे पुढचे दात काढावे लागले. मागचे राहतील म्हणाली. ते तिने अनेक खेपांत खरवडून साफ केले. तिला तुझ्या चहाचे विचारले. म्हणाली, प्या की, साखर सोडा, आणि चहाच्या भरवशावर दवाखाना टाळू नका. तुम्ही दोघी एकाच गुरूच्या दिसता.

दात काढल्यापासून कवळी येईपर्यंत मी डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढून घरातच राहिले. सेलिन रोज मऊ भात घेऊन यायची. अबोला मी धरला होता, तिने तो मानलाच नाही. आपल्या सासूला तिने सगळे सांगितले. तिच्या नावावर इतके महिने हिरड्या सुजल्या होत्या हे ऐकून म्हातारी पोट धरून हसली. तिच्याबरोबर मीही हसले. दोन बोळकी तोंडे. पदर घ्यायचे राहून गेले.

ईस्टरला कवळी घालून गेले. मागच्याच बाकावर बसले. शेजारी कोणी सरकले नाही. मीच सरकून बसले होते, ते घरी आल्यावर लक्षात आले.

'स' आणि 'त' अजून घसरतात. वर्तमानपत्र मोठ्याने वाचून सराव करते. ऐकायला कोणी नसले की घर फार मोठे वाटते.

जपून राहा, आणि जेवण टाळू नकोस.
मावशी


मंगळूर,
१२ जून २०००

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर तुझा आवाज ऐकला त्याला आठवडा झाला, अजून कानात आहे. तू 'ज्युली' म्हणालीस आणि मी रिसीव्हर नुसताच कानाशी धरून राहिले. एसटीडीवाल्याने आत डोकावून लाइन तुटली का विचारलं. तुझा 'स' बरोबर येतो. मी मुद्दाम लक्ष दिलं.

आकडे हाती आले. चहाच्या अर्काने हिरड्यांची सूज आणि रक्त कमी झालं, हे खरं. पण रंगीत पाणी दिलेल्यांचंही बरंच कमी झालं. थोडाच फरक. कॉफी जास्त पिणाऱ्यांत मला काहीच ठाम दिसलं नाही. मी हिरमुसून मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, फरक थोडा असला तरी आहे, तो तेवढाच लिही. रंगीत पाण्यावालेही सुधारले, कारण दर आठवड्याला कोणीतरी त्यांचं तोंड उघडून पाहत होतं, कसं आहे विचारत होतं. मग माणसं दात नीट घासू लागतात.

एक आजोबा आहेत, पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांची तपासणी मार्चमध्येच संपली. ते अजून ठरल्या वारी येतात, स्वच्छ शर्ट घालून बाकावर बसतात, नंबर आला की तोंड उघडतात. अभ्यास संपला हे मी त्यांना सांगायला हवं. सांगितलेलं नाही. तपासते, आणि पुढच्या आठवड्याला या म्हणते. पहिल्यांदा आले तेव्हा घरी कॉफी कोण करतं, असं फॉर्मप्रमाणे विचारलं होतं. त्यांनी ती जागा कोरी ठेवायला सांगितली.

प्रबंध पूर्ण व्हायला अजून वर्ष आहे. तोवर तू मागे सरकून बसू नकोस.

तुझी, लांबून का होईना,
ज्युली


गास,
२० ऑगस्ट २०००

चि. ज्युलीस,
अ. उ. आ.

तुझ्या पोस्टातल्या आजोबांना काही सांगू नकोस. येऊ दे त्यांना.

इकडची हकिकत. आपल्या आळीच्या टोकाला राहणारी मटिल्डा तुला आठवत असेल, मुलगे कॅनडाला गेल्यापासून एकटीच असते. परवा दुपारी सेलिन धावत आली. मटिल्डाचे काही खरे नाही, फादर अखेरचे पवित्र तेल लावून गेले, जवळ कामवाल्या बाईशिवाय कोणी नाही, येऊन वाच असे म्हणाली. एमिली कॉलेजला गेली होती. मी नाही म्हणणार होते. कवळी नीट बसत नाही, असे सांगायचे शब्दही तयार होते. सेलिन दारातच उभी राहिली. तिने आग्रह केला नाही, हललीही नाही. शेवटी मी चपला घातल्या.

मटिल्डाची खोली लहान आहे. मी दाराजवळच्या स्टुलावर बसले आणि वाचायला लागले. दोन ओळी झाल्या असतील. तिने डोळे न उघडता हात वर केला आणि म्हणाली, "लांबून काय वाचतेस, जवळ ये गो."

मी स्टूल थोडे पुढे घेतले. तिने पुन्हा हात हलवला. अजून पुढे घेतले. मग स्टुलाला पुढे जायला जागाच राहिली नाही.  खिडकी उघडी होती, तिकडे एकदा पाहिले. मग वाकले, आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन वाचू लागले. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. ती तोंड फिरवील म्हणून मी वाट पाहत होते. तिने फिरवले नाही. उलट मान माझ्या बाजूला कलली आणि तशीच राहिली. 'स' दोनदा घसरला. मी थांबले नाही. सगळे वाचून झाल्यावर पहिल्यापासून पुन्हा वाचले.

त्या दिवशी मास्तरांच्या घरी माझ्यासाठी रिकामी केलेली खुर्ची मी डोळ्यांपुढून हलवू शकत नव्हते. ती खाटेला लागूनच ठेवलेली होती, फक्त बसायचे होते. ते राहिले ते राहिलेच. मटिल्डाच्या कानात वाचून ते भरून येत नाही, आणि येते असे तू मला लिहू नकोस.

ती गेली नाही. सकाळी उठून तिने पेज मागितली आणि मीठ कमी म्हणून बाईवर रागावली. डॉक्टर म्हणतात, काही दिवस काढील, काही महिनेही काढील. आज सेलिनकडे निरोप होता, उर्सुलाला म्हणावे संध्याकाळी ये, परवाचे अर्धे मला झोपेत ऐकू आले नाही.

आता निघते आहे. पत्र वाटेत पेटीत टाकीन.

माझ्यावरची तुझी माया आहे तेवढीच राहू दे, तेवढी पुरते.
तुझी मावशी,
उर्सुला